पाहणी दौरा

आमचे आतोबा सहलीला जात नाहीत. ते पाहणी दौऱ्यावर जातात. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी हयात गेली. कोयना, उजनी, आणि मधली काही वर्षं चंद्रपूर, ज्याला ते अजून चांदाच म्हणतात. खात्यानं त्यांना निवृत्त केलं त्याला बराच काळ लोटला, पण तो निर्णय एकतर्फी होता. लग्नाच्या मांडवात शिरले की अक्षता घेण्याआधी ते खांब हलवून बघतात. देवळात हात जोडतात देवाला, पण नजर असते अभिषेकाचं पाणी कुठून बाहेर जातं तिकडे. महाबळेश्वरला एकदा सगळं कुटुंब कड्यावर उभं राहून सूर्यास्त बघत होतं. सूर्य बुडाला, सगळ्यांनी निःश्वास टाकला आणि आतोबा म्हणाले, "रेलिंगला रेड ऑक्साइड मारलेलं नाही."

अशी माणसं तालुक्याला चार-दोन तरी असतात. त्यांना काहीच आवडत नाही असं लोक म्हणतात, ते खरं नाही. त्यांना पुष्कळ गोष्टी आवडतात. फक्त आवडण्याआधी त्या बरोबर निघाव्या लागतात. त्यासाठी आतोबांकडे एक लांबट वही असते. तिच्यात रकाने आखलेले: स्थळ, वर्ष, पुस्तकातला आकडा, प्रत्यक्ष आकडा, शेरा. घर सोडण्याआधी पहिले तीन रकाने भरलेले असतात. उरलेले दोन भरण्यासाठी प्रवास.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, व्हिएन्नात राहते. "उन्हाळ्यात या, बागा फुललेल्या असतात," असं ती दरवर्षी सांगायची. आतोबांनी डिसेंबर निवडला. डिसेंबरात तिकीट स्वस्त मिळालं हे एक कारण, दुसरं त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "उन्हाळ्यात कुठलंही शहर चालतं. यंत्रणा कळते ती हिवाळ्यात." आत्या बरोबर होतीच, पण कुणीतरी तरुण माणूसही असावा म्हणून मला घेतलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला तरुण म्हणणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही, म्हणून मीही गेलो.

विमान मुंबईहून पहाटे साडेचारचं. आम्ही साताऱ्याहून निघालो आदल्या दिवशी सकाळी दहाला. खंबाटकीत काही झालं तर, हे पहिलं कारण. खंबाटकीत काही झालं नाही. पुण्यात अडकलो तर, हे दुसरं. पुण्यातही अडकलो नाही. द्रुतगती महामार्गावर दरड कोसळली तर. डिसेंबरात दरडीही रजेवर असतात. या सगळ्या न झालेल्या संकटांचा वेळ साठत साठत आम्ही संध्याकाळी पाचला विमानतळाच्या दारात उभे. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, आतोबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाचाजी, ये तो कल का है." आतोबांना तो जवान फार आवडला. "बघ," ते मला म्हणाले, "तारीख वाचून बघतो. नुसता शिक्का मारून सोडत नाही." मग त्या कर्तव्यदक्ष माणसाच्या नजरेसमोर आम्ही ट्रॉलीशेजारी बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

खरा पेचप्रसंग आला तो आखाती देशातल्या विमानतळावर, दुसऱ्या विमानाची वाट बघताना. आत्यानं शाल काढायला हातातली पिशवी उघडली आणि शालीच्या घडीतून एक किलो कंदी पेढ्यांचा खोका निघाला. आतोबा ताठ झाले.

"हे काय आहे?"

"पेढे. लेकीकडे रिकाम्या हातानं जाऊ?"

"युरोपात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. नियम आहे. मी तुला वाचून दाखवला होता."

"तुम्ही म्हणालात दूध. हा खवा आहे."

एवढ्या सूक्ष्म कायदेशीर मुद्द्यावर एरवी त्यांनी अर्धा तास घेतला असता, पण हातात तीन तासच होते आणि तेवढ्यात एक किलो माल निकाली काढायचा होता. टाकून देणं आत्याला मान्य नव्हतं, पुढे नेणं आतोबांना. वाटप सुरू झालं. मी सहा खाल्ले. रजेवरून परतणाऱ्या केरळच्या दोन नर्सेस, फरशी पुसणारा बांगलादेशी मुलगा, झोपलेल्या नवऱ्याच्या वाटचाही घेणारी एक पंजाबी बाई, सगळ्यांच्या हातावर साताऱ्याचा प्रसाद पडला. शेजारी एक गोरी आजी विणत बसली होती. तिनं एक खाल्ला, डोळे मिटले, दुसरा खाल्ला. मग पर्समधून रुमाल काढून त्यात चार पेढे बांधले आणि ठेवून दिले. कुठे निघालात, असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, व्हिएन्ना. नातवासाठी.

आतोबांचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. ज्या नियमासाठी त्यांनी स्वतःच्या बायकोशी वैर घेतलं, तो नियम त्यांच्याच पेढ्यांनी, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच विमानातून मोडला जाणार होता. आणि आजीला सांगणार कोण? आत्या खिडकीकडे तोंड करून हसत होती.

हिवाळ्यात व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. सगळ्यांनी घड्याळं मागे घेतली, आतोबांनी नाही. "मूळ नोंद खोडायची नसते," म्हणून डाव्या मनगटावरच्या जुन्या एचएमटीवर भारत तसाच चालू राहिला आणि उजव्या मनगटावर जावयाचं जुनं घड्याळ व्हिएन्नासाठी चढलं. रक्तदाबाची गोळी डाव्या हाताप्रमाणे, जेवण उजव्या हाताप्रमाणे. त्यामुळे तो दिवस साडेअठ्ठावीस तासांचा झाला, हे त्यांनी वहीत नोंदवलं आणि खाली लिहिलं: 'जादा वेळेचा भत्ता नाही.'

विमानतळावरून शहरात जायला दोन गाड्या आहेत. एक हिरवी, मध्ये कुठे न थांबता सोळा मिनिटांत पोचवणारी. दुसरी साधी लोकल, एस-सात, दहाएक मिनिटं जास्त घेणारी. हिरवीचं तिकीट जवळजवळ तिप्पट. दहा मिनिटांची एवढी किंमत होत नाही, हा हिशेब आतोबांनी साताऱ्यातच करून ठेवला होता. त्यामुळे आम्ही लोकलनं निघालो आणि तेलशुद्धीकरण कारखाना ओलांडून थोडं पुढे गेल्यावर गाडी थांबली. आत्यानं विचारलं, "कुठलं स्टेशन?"

"मध्यवर्ती दफनभूमी," आतोबांनी वही न उघडता सांगितलं. "बेथोवेन इथं आहे, शूबर्ट इथं, ब्राम्स इथं. शहराची वस्ती वीस लाखांच्या आसपास, आणि इथं पुरलेले तीस लाख."

"अहो, आल्या आल्या काय हे," आत्या म्हणाली आणि पदर डोक्यावर घेतला. लोकरीच्या टोपीवरून घेतल्यामुळे तो राहिला नाही.

तिच्या पोशाखाबद्दल सांगायला हवं. आत थर्मल, त्यावर नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आईची आठवण काढत नेसलेली पाचवारी, त्यावर स्वेटर, त्यावर लेकीनं आणलेला गुडघ्यापर्यंतचा कोट, पायात दोन मोजे आणि खेळाडूंचे बूट. आतोबांनी मात्र थंडीला सरकारी पातळीवर तोंड दिलं होतं: खाकी कानटोपी, तपकिरी मफलर, आणि उजनीच्या साइटवर थंडीत घालायचे तो जाड कोट. उणे दोन तापमानात ते स्टेशनाबाहेर पडले, चार पावलं चालले आणि खाली वाकले. मला वाटलं पाय घसरला. ते पदपथावरची बारीक खडी उचलून बघत होते.

"सहा एमएम," ते म्हणाले. "चाळून घेतलेली. धूळ नाही."

बर्फावर पाय सरकू नये म्हणून तिथं पदपथावर अशी खडी पसरतात. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत आपापल्या घरापुढचा पदपथ बर्फमुक्त ठेवायची जबाबदारी तिथल्या कायद्यानं घरमालकावर टाकली आहे. हे ऐकल्यावर आतोबा एका इमारतीपुढे थांबून कृतज्ञतेनं वर बघत राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी बहात्तर तासांचं तिकीट काढलं, ते निळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवला, आणि तिथून त्यांच्या मनस्तापाला सुरुवात झाली. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेला फाटक नाही. दार उघडतं, माणूस आत जातो, उतरतो, निघून जातो. कुणी विचारत नाही. आतोबा प्रत्येक गाडीत तिकीट हातात धरून, शिक्का वर करून बसायचे. एक गाडी, दुसरी गाडी, ट्राम, बस. "पैसे भरलेत," ते मला सांगत, "आणि बघायला माणूस नाही." मी म्हटलं, आतोबा, इथं विश्वासावर चालतं, कधीतरी अचानक तपासतात आणि सापडला तर जबर दंड. "विश्वास ठीक आहे," ते म्हणाले, "पण तपासल्याशिवाय तो बसणार कसा?" शेवटी त्यांना राहवलं नाही. ट्राममध्ये समोर बसलेल्या एका शाळकरी मुलाला त्यांनी तिकीट दाखवलं. मुलानं ते नीट पाहिलं, मान डोलावली आणि परत दिलं. तेवढ्यावर त्यांची दुपार बरी गेली.

दुपार म्हणजे काय, तर तीही औट घटकेची. आतोबांचं वेळापत्रक नऊ ते सहाचं होतं आणि डिसेंबरात व्हिएन्नाचा सूर्य चारच्या सुमाराला मावळतो. पहिल्या दिवशी चार वाजून गेले तेव्हा दोन स्थळं बाकी आणि रस्त्यावर दिवे लागलेले. आतोबांनी दोन्ही घड्याळं पाहिली. डाव्यात रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. "बरोबर आहे," ते म्हणाले, "आपल्याकडे केव्हाच अंधार पडला." हे कुठल्या शास्त्रात बसतं मला माहीत नाही, पण त्यांच्या मनाला शांती मिळाली.

सेंट स्टीफन कॅथिड्रलचा दक्षिण मनोरा १३६ मीटर उंच आहे. वर जायला ३४३ पायऱ्यांचा दगडी गोल जिना, इतका अरुंद की वरून उतरणारा आला तर दोघांपैकी एकानं भिंतीत शिरायचं. आतोबा मोजत चढले. मीही मोजत होतो, कारण पडताळणीला दुसरा माणूस लागतो असा त्यांचा आग्रह. दोनशेच्या पुढे माझे आकडे आणि श्वास एकमेकांत मिसळले. त्यांचे नाहीत. वरच्या खोलीत पोचलो तर चारही खिडक्यांबाहेर धुकं. नदी नाही, डोंगर नाही, खालचा चौकही नाही. बाकीचे पर्यटक हळहळत होते. आतोबा वहीत 'प्रत्यक्ष आकडा' या रकान्यात ३४३ लिहून, खाली रेघ मारून, तृप्त होऊन उतरायला लागले. "आतोबा, दिसलं काहीच नाही," मी म्हणालो. "रेकॉर्ड बरोबर निघालं की," ते म्हणाले.

खाली आल्यावर त्यांना आणखी एक समाधान लाभलं. कॅथिड्रलचा उत्तरेकडचा मनोरा दक्षिणेच्या निम्म्यावर थांबलेला आहे. १५११ साली काम बंद पडलं ते पडलंच. पुढे त्यावर एक छोटी घुमटी बसवून मिटवलं. आतोबा त्या अपुऱ्या मनोऱ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की मला कृष्णा खोऱ्यातले कालवे आठवले. "पाचशे वर्षं," ते हळूच म्हणाले. "आणि अजून कुणी चौकशी लावलेली नाही."

राजवाड्यांमध्ये ते फारसे रमले नाहीत. शॉनब्रुनच्या १४४१ खोल्यांपैकी पर्यटकांना मोजक्याच दाखवतात, म्हणजे मोजणी होऊच शकत नाही. मग जाऊन करायचं काय? ब्रॉयगलचं १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' हे चित्र मात्र आतोबा आणि आत्या दोघांनी संग्रहालयात बराच वेळ पाहिलं. आत्या समोरच्या बाकावर बसली. दमलेले शिकारी, मागून पाय ओढत येणारी कुत्री. "एवढी माणसं गेली आणि आणला काय, एक कोल्हा," ती म्हणाली. "घरी बायका काय म्हणतील!" आतोबांनी चष्मा काढून जवळ जाऊन पाहिलं. रखवालदारानं घसा खाकरला. आतोबा दोन पावलं मागे आले आणि शेरे सांगू लागले: खाणावळीची पाटी एकाच कडीवर लोंबकळते आहे. उजव्या कोपऱ्यात पाणचक्की आहे, चाक गोठलेलं. "थंडीत पाणी सोडून द्यायला हवं होतं चाकाखालचं." ब्रॉयगलनं हे सगळं मुद्दाम रंगवलं, आणि साडेचारशे वर्षांनी ते तपासायला साताऱ्याहून माणूस आला. चित्रकाराला आणखी काय हवं असतं?

पण आतोबा व्हिएन्नाला आले होते ते मनोऱ्यासाठी नाही आणि चित्रासाठीही नाही. ते आले होते पाण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे लोक विहिरींचं आणि नदीचं पाणी प्यायचे, आणि कॉलऱ्यानं, विषमज्वरानं मरायचे. एडुआर्ड झ्यूस नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी थेट शहरात आणायची योजना तडीला नेली. १८७३ साली पहिली वाहिनी सुरू झाली, सुमारे ९५ किलोमीटरांची. १९१० साली दुसरी आली, १८० किलोमीटरांची. तिच्यातलं पाणी शहरात पोचायला दीड दिवस लागतो. डोंगर ते शहर, दोन्ही वाहिन्यांत पाणी फक्त उतारावर वाहतं. मध्ये पंप नाही. हे शेवटचं वाक्य आतोबा 'आईची शपथ' म्हणावं तशा आवाजात म्हणतात.

पहिल्या वाहिनीचं पाणी शहरात आलं त्याचा आनंद म्हणून श्वार्झेनबर्ग चौकात मोठं कारंजं बांधलं आहे. सगळा प्रवास, खंबाटकीपासून, या कारंज्यासाठी होता. आम्ही पोचलो तेव्हा ते बंद होतं. थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून हिवाळाभर तिथली कारंजी बंद ठेवतात. रिकामं कुंड, तळाशी चार पिवळी पानं, मागे सोव्हिएत सैनिकांचं स्मारक, आणि आजूबाजूनं वळसे घेणाऱ्या ट्राम. मला त्यांच्याकडे बघवेना. आत्या माझ्या कानात म्हणाली, "आता रात्री जेवायचे नाहीत."

आतोबा कुंडाला एक फेरी मारून आले. चेहरा फुललेला. "आतलं सगळं दिसतंय," ते म्हणाले. "चालू असतं तर नुसतं पाणीच दिसलं असतं."

त्याच चौकात झ्यूसचा अर्धपुतळा आहे. आतोबांनी कानटोपी काढली. उणे दोन अंशांत टक्कल उघडं टाकून ते दोन मिनिटं उभे राहिले आणि मग त्यांनी आम्हाला सांगितलं की दक्षिणेकडच्या एका अतिप्राचीन महाखंडाला 'गोंडवाना' हे नाव याच माणसानं रूढ केलं. आपल्या गोंडांच्या मुलखावरून तिथल्या खडकांना पडलेलं नाव उचलून त्यानं अख्ख्या खंडाला दिलं. चंद्रपूरचा कोळसा ज्या थरांत आहे, ते हेच गोंडवाना खडक. "म्हणजे," आतोबा पुतळ्याच्या चौथऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आपल्या चांद्याचा माणूस." जवळून जाणाऱ्या एका जोडप्याला वाटलं कुणीतरी नातेवाईक असावा, त्यांनी आदरानं बाजू दिली.

पुढे कॉफीहाऊसात कॉफीबरोबर चांदीच्या तबकात पाण्याचा पेला आला. व्हिएन्नात तो येतोच. कॉफीबरोबर पाणी आणि पाण्याबरोबर हवा तितका वेळ. पुण्याच्या हॉटेलांत 'कृपया जास्त वेळ बसू नये' वाचत वाढलेल्या मला पहिला अर्धा तास उगाच अपराधी वाटत राहिलं. आतोबांनी कॉफीकडे पाहिलंही नाही. पाण्याचा पेला उजेडात धरला, वास घेतला, एक घोट तोंडात फिरवला. मग चार पेले प्यायले. काळा कोट घातलेल्या, आयुष्यात कधी न हसलेल्या वेटरला त्यांनी इंग्रजीत सांगितलं की हे पाणी आल्प्समधून पंपाशिवाय येतं. वेटरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कॉफीत काही चुकलंय?" पाचवा पेला मात्र त्यानं न मागता आणला.

या सुखात एकच खडा पडला. मुलीच्या घराजवळ, फावोरिटन भागात, एक विटांचा ६७ मीटर उंच देखणा जलमनोरा आहे. कशासाठी बांधला? तर हा भाग उंचावर, म्हणून झऱ्याचं पाणी इथं वर चढवावं लागत होतं. म्हणजे पंप होता! आतोबा रात्री झोपले नाहीत. पहाटे तीनला, त्यांच्या डाव्या हाताच्या साडेसातला, स्वयंपाकघरात दिवा दिसला. ते वाचत होते. दुसरी वाहिनी आल्यावर त्या मनोऱ्याची गरज उरली नाही, हे सापडलं तेव्हा कुठे आडवे झाले.

नाताळच्या बाजाराबद्दल दोन ओळी पुरेत. नगरभवनापुढच्या चौकात गरम मसालेदार वाइनचे कप विकतात आणि कपासाठी अनामत रक्कम घेतात. आतोबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. ते म्हणाले, "अल्कोहोल ७८ अंशांना उडतं. हे उकळलेलं आहे." मग रसायनशास्त्रावर भरवसा ठेवून त्यांनी अख्खा कप संपवला आणि मांडवाचे खांब न हलवता परत आले. कप परत करून अनामत आणायला गेले तर कप नाही. तो आत्याच्या पिशवीत, शालीच्या घडीत होता, जिथं आधी पेढे होते.

ऑपेराला जायचं मुलीनं ठरवलं. उभ्यानं बघायची तिकिटं व्हिएन्नात थोड्या युरोंत मिळतात, आणि अशा जागा चारशेहून जास्त. दारातच आतोबांचा कोट काढून घेतला; आत कोट नेता येत नाही, टोकन घ्यायचं. उजनीपासून अंगावर असलेला कोट परक्या माणसाच्या हाती देताना त्यांनी खिसे तीनदा तपासले. आत गेलो तर रांगेनं कठडे, आणि कठड्यांना बांधलेले मफलर, रुमाल, स्कार्फ. जागा धरून ठेवायची तिथली जुनी रीत. एकदा मफलर बांधला की खुशाल बाहेर जाऊन या, जागेला कुणी हात लावत नाही.

आतोबा स्तब्ध झाले. मग त्यांनी आपला तपकिरी मफलर सोडला आणि पेटत्या अभिमानानं कठड्याला दोन गाठी मारल्या. "आयुष्यभर," ते म्हणाले, "सातारा स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला. दर वेळी भांडण. आणि इथं त्याला संस्कृती म्हणतात!"

शेजारच्या कठड्याला त्यांच्याच वयाचा एक व्हिएन्नी म्हातारा होता, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेल्या जाकिटातला. ठिगळं जुनी, चेहऱ्यावरचा असंतोष त्याहून जुना. खेळ होता पुचिनीच्या 'ला बोएम'चा. पहिल्या अंकात थंडीनं काकडलेले गरीब कलावंत शेगडीत नाटकाचं हस्तलिखित जाळतात. "कागद किती वेळ जळणार," आतोबा म्हणाले. त्याच वेळी म्हातारा काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतात?" आतोबांनी मला विचारलं.

"कंडक्टर फार सावकाश हाकतोय म्हणतात."

आतोबांनी त्याच्याकडे वळून सहानुभूतीनं मान हलवली. "सेम इन सातारा," ते म्हणाले.

मध्यंतरात दोघांची जी गट्टी जमली ती बघण्यासारखी होती. म्हाताऱ्याला सोप्रानोचा वरचा सूर पटला नव्हता, आतोबांना जिन्याची एक पायरी. म्हातारा म्हणाला, पूर्वी गायक चांगले होते. आतोबा म्हणाले, पूर्वी सिमेंट चांगलं होतं. मग म्हाताऱ्यानं या इमारतीची कहाणी सांगितली. बांधकाम चालू असतानाच बाहेरच्या रस्त्याची पातळी मीटरभर वाढवली गेली, आणि इमारत खचलेल्या पेटीसारखी दिसू लागली. अख्खं शहर आर्किटेक्टांच्या नावानं खडे फोडू लागलं. दोघांपैकी एकानं १८६८ साली गळफास घेतला, दुसरा थोड्याच आठवड्यांत आजारपणात गेला. १८६९ साली ऑपेरा उघडला तेव्हा बघायला दोघंही नव्हते. सम्राट फ्रान्झ योझेफला म्हणे याचा एवढा धक्का बसला की पुढे आयुष्यभर तो कुठेही काहीही बघायला गेला तरी एवढंच म्हणायचा: फार सुंदर, मला आनंद झाला.

आतोबा गप्प झाले. "रस्ता वाढवला रस्तेवाल्यांनी," ते खूप वेळानं म्हणाले, "आणि जीव गेला बिल्डिंगवाल्याचा." शेवटच्या अंकात क्षयानं खंगलेल्या मिमीच्या औषधासाठी तिचा तत्त्वज्ञ मित्र अंगावरचा जुना कोट विकायला काढतो आणि त्या कोटाचा निरोप घेत गातो. तिथं आतोबांनी खिशातलं टोकन घट्ट धरलेलं मी पाहिलं. पडदा पडल्यावर मुलीनं विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

"फार सुंदर," आतोबा म्हणाले. "मला आनंद झाला."

आत्यानं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

हा सम्राटी संयम भुयारी रेल्वेपर्यंत टिकला. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले, तापमान आणखी उतरलेलं, डब्यात मोजकी माणसं. तिकीट अर्थातच त्यांच्या हातात, शिक्का वर. मुदत उद्या सकाळी संपत होती. टाउबश्टुमेनगासला दोन माणसं चढली, साधे कपडे, साधे चेहरे. गाडी सुटली आणि त्यातला एक आमच्यासमोर येऊन म्हणाला, "तिकिटं, प्लीज."

मी आतोबांकडे पाहिलं. इतक्या गाड्या, इतक्या ट्राम, एक शाळकरी मुलगा. आणि आता हा. मला वाटलं ते उठून त्याला मिठी मारतील. त्यांनी तिकीट छातीशी घेतलं, मफलर सारखा केला आणि चष्मा लावला.

"फर्स्ट," आतोबा म्हणाले, "युवर आयडेंटिटी कार्ड."

तपासनीस क्षणभर थांबला. मग त्यानं खिशातून कार्ड काढलं. आतोबांनी ते हातात घेऊन फोटो पाहिला, फोटोवरून माणूस पाहिला, मुदत कधीपर्यंत आहे ते पाहिलं, मागची बाजू पाहिली. माझ्याकडून पेन घेतलं आणि क्रमांक वहीत उतरवला. गाडी हाउप्टबानहोफला थांबली, दारं उघडली, मागच्या बाकावरचे दोन तरुण चपळाईनं उतरून पसार झाले, दारं मिटली.

"करेक्ट," कार्ड परत देत आतोबा म्हणाले. "नाऊ यू प्लीज चेक माइन."